‘उदाहरणार्थ’ न म्हणता



मागच्या अंकात ज्येष्ठ-साहाय्य गटाने ‘औषधांचे मराठी तक्ते करून मिळतील’ अशी चार ओळींची सूचना छापली होती. त्यावर बऱ्याच जणांनी विचारले, हे तक्ते तुम्ही करता की एआय करते? आणि एआय करत असेल तर ते आम्हांला घरीच का करता येऊ नये? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तर जरा लांबणार, म्हणून संपादकांकडून दोन पाने जास्त मागून घेतली. आम्ही म्हणजे गटातले चौघे. लिहिण्याचे काम रसायनशास्त्राच्या पीएच.डी.कडे आले, कारण ‘तुम्हांला प्रयोगाची टिपणे लिहायची सवय आहे’ असे बाकीच्या तिघांचे म्हणणे पडले. ही सवय पुढे उपयोगी पडली, ते ओघाने येईलच.

आधी तक्त्यांची गरज कुठून आली ते सांगतो. इथे न्यू जर्सीत आपल्या पुष्कळ घरी आईवडील उन्हाळ्यात येतात, सहा महिने राहतात, आणि येताना सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन येतात. भारतातल्या स्ट्रिपवर कंपनीने ठेवलेले नाव ठळक आणि आतल्या औषधाचे नाव बारीक अक्षरांत. इथल्या नारिंगी बाटलीवर बहुतेक वेळा औषधाचेच नाव, तेही इंग्रजीत आणि अमेरिकन पद्धतीचे. मधेच कधी गुडघा धरतो, कधी खोकला लागतो, इथले डॉक्टर काहीतरी लिहून देतात आणि एकाच डब्यात दोन देशांची औषधे नांदू लागतात.

एका सभासदांच्या सासूबाई अशाच आल्या होत्या. अंग दुखते म्हणून पुण्याहून आणलेली डोलो ६५० दिवसातून तीनदा. गुडघ्यासाठी इथे मिळालेल्या ‘असिटॅमिनोफेन’ ५०० च्या दोन-दोन गोळ्या, त्याही तीनदा. चार दिवस हे चालले. जावयांनी सहज विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अहो, ती अंगदुखीची आहे, ही गुडघ्याची.” त्यांचे चुकले असे कोण म्हणेल? दोन्ही पाकिटांवर दोन वेगळी नावे होती.

पण औषध एकच. भारतात आणि इंग्लंडात ज्याला पॅरासिटॅमॉल म्हणतात त्यालाच अमेरिकेत असिटॅमिनोफेन म्हणतात. दोन्ही नावे एकाच लांबलचक रासायनिक नावातून, पॅरा-असिटिलअमिनोफिनॉल यातून, वेगवेगळी अक्षरे उचलून केलेली आहेत. (एकाच आजोबांना एका गावात अण्णा आणि दुसऱ्या गावात तात्या म्हणावे, तसे.) हिशेब करा: ६५० चे तीन म्हणजे १९५० मिलिग्रॅम, अधिक १००० चे तीन म्हणजे ३०००, एकूण ४९५०. धडधाकट प्रौढासाठी दिवसाची वरची मर्यादा ४००० धरतात, आणि वय झालेल्या, वजन कमी असलेल्या माणसासाठी डॉक्टर बऱ्याचदा त्याहून कमी सांगतात. मर्यादा ओलांडली तर त्रास यकृताला, आणि तो पहिल्या दिवशी दिसतही नाही. सासूबाईंची रक्ततपासणी सुदैवाने ठीक निघाली. त्याच आठवड्यात आमचा गट सुरू झाला.

हाताने तक्ते करायचे तर चौघांना नोकऱ्या सोडाव्या लागल्या असत्या. म्हणून भाषा-मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटी आणि त्याच्या भावंडांकडे गेलो. लेबलांचे फोटो द्यायचे, वरचा मजकूर वाचून घ्यायचा आणि मराठी तक्ता मागायचा. ऐकायला सोपे वाटते. म्हणून आधी कोणाच्याही घरचे नसलेले, आम्हीच रचलेले दहा औषधांचे एक खोटे गाठोडे घेतले, दोन लेबले मुद्दाम पुसट केली, आणि वेगवेगळ्या सूचनांनी तेच काम पुन्हा पुन्हा करून घेतले. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदलतात. इथेही तसेच केले: गाठोडे तेच, सूचना तेवढी निराळी.

पहिली सूचना एका ओळीची होती: या औषधांचा मराठीत तक्ता कर. तक्ता आला, मराठी छान होते, शेवटी ‘तब्येतीची काळजी घ्या’ असा आशीर्वादही होता. मात्र पुसट लेबलावरची मात्रा यंत्राने बिनदिक्कत भरून टाकली होती, आणि न मागता साखर कमी खाण्याचा सल्ला दिला होता.

मग आम्ही तेच केले जे सगळेच करतात. एक ओळ नमुना म्हणून भरून दिली: मेटफॉर्मिन, ५०० मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. सोबत सांगितले की बाकीचे असेच कर. आता तक्ता सुबक झाला, रकाने एका ओळीत आले, आणि थायरॉइडच्या गोळीसमोर ‘जेवणानंतर’ असे उमटले. लेबलवर तसे कुठेही नव्हते. ज्यांच्या घरी ही गोळी आहे त्यांना ठाऊक असेल, लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यायचे असते, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी. जेवणानंतर घेतले तर ते नीट शोषले जात नाही. यंत्राने नमुन्यातून रकान्यांची रचना घ्यावी असा आमचा हेतू. त्याने रचना घेतली आणि रचनेबरोबर मजकूरही घेतला.

ही काही आमच्याच यंत्राची खोड नव्हे. या क्षेत्रातले लोक उदाहरणे देऊन काम सांगण्याला ‘फ्यू-शॉट’ आणि एकही उदाहरण न देता सांगण्याला ‘झिरो-शॉट’ म्हणतात. २०२० मध्ये जीपीटी-३ आले तेव्हा कौतुक पहिल्याचे होते: चार नमुने दाखवा, पाचवे ते आपोआप करते. पुढच्या दोन वर्षांत त्यातली मेख बाहेर आली. २०२१ च्या अभ्यासांत दिसले की तीच उदाहरणे निराळ्या क्रमाने दिली तर उत्तरे बदलतात आणि शेवटच्या उदाहरणाकडे यंत्राचा ओढा जास्त असतो. २०२२ मध्ये तर एका गटाने उदाहरणांतली उत्तरे मुद्दाम चुकीची दिली, तरी बऱ्याच कामांत निकाल फारसा बिघडला नाही. म्हणजे उदाहरणातून यंत्र शहाणपण घेते असे आपण समजतो, पण त्यातला मोठा भाग नुसत्या साच्याचा असतो.

दुसरीकडे, नुसत्या सांगण्याची ताकद वाढत होती. ओपनएआयने २०२२ मध्ये माणसांच्या पसंतीवरून, सूचना पाळायला शिकवलेले एक मॉडेल दाखवले. त्याच्या लहान आवृत्तीत १३० कोटी आकडे (म्हणजे शिकताना जुळवून घेतलेली मापे) होते, तर जुन्या जीपीटी-३ मध्ये १७,५०० कोटी. तरी तपासणाऱ्या माणसांना लहानाचीच उत्तरे जास्त आवडली. त्याच वर्षी असेही दिसले की एकही नमुना न देता ‘टप्प्याटप्प्याने विचार कर’ एवढेच वाक्य जोडले तर गणितांच्या एका संचावर बरोबर उत्तरे १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. हल्लीची मॉडेले बऱ्याचदा न सांगताही टप्पे पाडतात. पण मुद्दा तोच: नीट सांगितले तर कळते. अडचण नीट सांगण्यात आहे.

इथे रसायनशास्त्र कामी आले. ‘ऑर्गॅनिक सिंथेसिस’ नावाची एक प्रकाशनमाला १९२१ पासून चालू आहे. तिच्यात छापली जाणारी प्रत्येक कृती आधी संपादक मंडळातल्या एखाद्या सभासदाच्या प्रयोगशाळेत, मूळ लेखकाशी संबंध नसलेल्या माणसांकडून करून पाहिली जाते. जमली तरच छापतात. तिथे ‘थोडा वेळ ढवळा’ चालत नाही, कारण एकाचा थोडा वेळ दहा मिनिटांचा तर दुसऱ्याचा रात्रभराचा. ‘खोलीच्या तापमानाला’ म्हटले तरी मे महिन्यातली नागपूरची खोली आणि जानेवारीतले इथले बेसमेंट यांत किती फरक! आपल्या आयांचे ‘अंदाजाने’ आणि ‘चवीपुरते’ असेच. तो अंदाज त्यांच्या हातात असतो, कागदावर येत नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० साली तो वाटी-चमच्याच्या मापात बांधून दिला, म्हणून ते पुस्तक इतक्या जणांच्या सामानातून परदेशी आले. करणाऱ्याला शेजारी उभे राहून दाखवता येणार नसेल तर आपल्या हातातला अंदाज शब्दांत आणावाच लागतो. यंत्राला नमुना देण्याचा मोह होतो तो बहुतेक वेळा हे कष्ट टाळण्यासाठी.

आम्ही ते कष्ट करायला बसलो तेव्हा पहिलाच शब्द अडला, तो ‘रात्री’. भारतातल्या चिठ्ठीवर १-०-१ असे असते, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. इथल्या बाटलीवर ‘दिवसातून दोनदा’. मग तक्त्यात ‘रात्री’ लिहायचे ते कधीचे? गटातल्या एकाने आपल्या आजीला फोनवर विचारले, “आजी, तू रात्रीची गोळी किती वाजता घेतेस?” आजी म्हणाली, “तुमच्याकडे जेवण संध्याकाळी सहालाच उरकतात आणि झोप येते अकराला. त्यातली रात्र कुठली ते तूच सांग.” हा प्रश्न एकाही डॉक्टरांच्या चिठ्ठीत सुटलेला नाही. आमच्या सूचनेत तेव्हापासून एक वाक्य आहे: वेळ सांगताना घड्याळाची वेळ आणि जेवणाशी संबंध ही दोन वेगळी रकान्यांत लिही, जेवणाशी संबंध लेबलवर छापलेला नसेल तर तो रकाना रिकामा ठेव आणि खाली ‘फार्मसिस्टला विचारा’ असे लिही.

हे दुसरे अर्धे वाक्य आमच्या मते सगळ्यांत मोलाचे. यंत्राला मोकळी जागा सहन होत नाही. रकाना दिसला की ते भरते, आणि अडाण्यासारखे भरत नाही, अगदी पटेल असे भरते. ‘अंदाज करू नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मग काय करायचे ते त्याला कळत नाही. करू नको पेक्षा कर सांगावे. वाचता येत नसेल तर ‘वाचता येत नाही’ हे तीन शब्द जसेच्या तसे लिही, असे सांगितले, आणि पुसट लेबलांपुढे तेच तीन शब्द आले. ते पाहून आम्हांला जेवढा आनंद झाला तेवढा बिनचूक तक्ता पाहूनही झाला नव्हता.

संक्षेपांची गोष्ट वेगळीच. भारतातल्या चिठ्ठीवर ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा. इथले डोळ्यांचे डॉक्टर ‘ओडी’ लिहितात तेव्हा त्याचा अर्थ उजवा डोळा. भारतात ‘एसओएस’ म्हणजे लागली तरच, इथे त्यासाठी ‘पीआरएन’. तारखेचेही तसेच: ३/४ म्हणजे पुण्यात ३ एप्रिल, इथे ४ मार्च. म्हणून यंत्राला आधीच सांगतो की कागद कोणत्या देशातला आहे, आणि महिना अक्षरांत लिही. कागद कुठला हे आपल्याला दिसतच असते, त्यामुळे ते सांगायचे सुचत नाही. यंत्राला मात्र सांगितल्याशिवाय ते समजेलच याची खात्री नाही.

आठवड्याच्या गोळ्यांनी आम्हांला सर्वांत जास्त विचार करायला लावला. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची मात्रा भारतात आठवड्यातून एकदा देतात. ती रोजच्या तक्त्यात रोजच्या गोळ्यांच्या शेजारी बसली तर रोज घेतली जायला कितीसा वेळ लागणार! आणि मराठी आपल्या बाजूने मदत करतेच असे नाही. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. सूचनेत आम्ही लिहिले की रोज न घ्यायची औषधे दुसऱ्या कागदावर वेगळ्या तक्त्यात लिही, वाराचे नाव घाल, आणि का तेही सांगितले: वाचणारी व्यक्ती ऐंशीच्या घरातली आहे, तिला मोतीबिंदू आहे, ती तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावून लांबून पाहते. हे कारण लिहिल्यावर यंत्राने न सांगताही ओळी आखूड केल्या आणि शब्द सोपे केले. नमुन्यातून त्याला ओळीची लांबी कळली असती, पण लांबी तेवढी का, हे कळले नसते. कारण कळले की न सांगितलेल्या जागीही ते बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागते. आमच्याकडे नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचेही असेच असते, फक्त ते मधे कॉफी प्यायला जातात.

शिवाय काम दोन टप्प्यांत करून घेतो. आधी प्रत्येक लेबलवर जे आहे ते, भाषांतर न करता, जसेच्या तसे उतरवून दे. ते आम्ही बाटली हातात धरून ताडून पाहतो. मगच तक्ता. तक्त्यात कंपनीचे नाव आणि आतल्या औषधाचे नाव शेजारी शेजारी मागतो, भारतातले नाव आणि इथले नाव दोन्ही घालायला सांगतो, आणि एकच औषध दोन ओळींत आले असेल तर त्या दोन्ही ओळींवर खूण करून वर ठळक लिहायला सांगतो. सासूबाईंच्या डब्यासाठीच हे वाक्य घातले आहे. मात्रा वाढव, कमी कर, हे घेऊ नका, असे काहीही त्याने सांगायचे नाही. ते काम डॉक्टरांचे, हेही सूचनेत स्पष्ट आहे.

उदाहरण देणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. याच अंकासाठी जुन्या कार्यक्रमपत्रिकांच्या धाटणीची पत्रिका हवी होती, तेव्हा जुन्या दोन पत्रिकाच पुढे ठेवल्या. ती ढब शब्दांत सांगणे आम्हांला जमले नसते, आणि साच्याबरोबर थोडा मजकूर आला असता तरी कोणाचे यकृत धोक्यात आले नसते. पण जिथे प्रत्येक ओळीतली वस्तुस्थिती वेगळी आहे आणि चुकीची किंमत मोठी आहे, तिथे नमुना पुढे ठेवू नये असे आमचे मत झाले आहे.

आमची पूर्ण सूचना इथे छापावी असा संपादकांचा आग्रह होता. आम्ही नाही म्हटले. छापली तर सगळे जण तीच उतरवून घेणार, आणि ज्या घरी इन्सुलिन आहे किंवा श्वासाचा पंप आहे त्या घरीही गोळ्यांचीच सूचना वापरली जाणार. त्यापेक्षा आपल्या घरच्या डब्यासाठी स्वतः लिहा. लिहून झाली की यंत्राला देण्याआधी घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याने तो डबा पाहिलेला नाही. त्याला जिथे ‘म्हणजे काय?’ असे विचारावेसे वाटेल तिथे यंत्र विचारणार नाही. ते काहीतरी धरून पुढे जाईल. आमच्या सूचनेत अशा अकरा जागा निघाल्या. शोधणारी सभासदांची चौदा वर्षांची मुलगी होती, जिचे मराठी बेतास बात आहे, आणि म्हणूनच ती या कामाला उत्तम ठरली.

दोन गोष्टी मात्र गटातल्या कोणीही सोडत नाही. फोटो काढण्यापूर्वी लेबलवरचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि विम्याचा नंबर यांवर कागदी टेप लावायचा. आणि तयार झालेला तक्ता भिंतीवर लावण्याआधी, सगळ्या बाटल्यांसह फार्मसिस्टला दाखवायचा. त्यांना मराठी येत नाही म्हणून तक्त्याच्या मागच्या बाजूला तोच मजकूर इंग्रजीत छापून घेतो. आमच्या भागातल्या फार्मसिस्टबाई आता आमच्या ओळखीच्या झाल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी एका तक्त्यातली एक गोळी डॉक्टरांनी केव्हाच बंद केलेली असल्याचे सांगितले. यंत्राने ती बिनचूक लिहिली होती; लेबलवर होतीच. बंद केल्याचे मात्र कोणत्याही कागदावर नव्हते. तेव्हापासून तक्ता करायला बसण्याआधी घरच्यांना आधी विचारतो, यातले सध्या कोणते घेत नाही?

पुढच्या महिन्यात मराठी शाळेच्या वेळेतच गट शाळेच्या मागच्या खोलीत बसणार आहे. येताना सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, डोळ्यांत घालायचे थेंब, आयुर्वेदिक गोळ्या, चूर्णे, जे काही घरात आहे ते एका पिशवीत घालून आणावे. रिकाम्या झालेल्या स्ट्रिपही टाकून देऊ नयेत. आणि शक्य असेल तर ज्यांच्या गोळ्या आहेत त्यांनाही बरोबर आणावे. चहाची सोय आहे.